परिचारिकेच्या शब्दाला वजन हवे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. त्यांच्या स्मरणार्थ आज जगभर परिचारिका दिन साजरा होतो. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल. उपनगरांतल्या या रुग्णालयांत वर्षभर राबणाऱ्या सिस्टरांचे आज कौतुक व्हायलाच हवे. त्याबरोबर रुग्णालये चालवणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तरही द्यावे. ज्यांच्या जिवावर वॉर्ड चालतो, त्यांचा वॉर्डात शब्द किती चालतो?

कामाचा बोजा तर आहेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा मनुष्यबळ हवे. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोचे रुग्ण वाढले, की खाटा भरतात, जमिनीवर गाद्या पडतात आणि हा निकष कागदावरच राहतो.

पण केवळ कामाच्या ढिगाने माणूस मोडत नाही. संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी अमेरिका व स्वीडनमधल्या कामगारांची पाहणी अभ्यासून १९७९ मध्ये मांडले, की काम भरपूर आणि त्यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. परिचारिकेचे रोजचे आयुष्य नेमके असेच आहे. संध्याकाळची ड्युटी संपत आलेली असते. चार्ट पूर्ण, इन्जेक्शने मोजलेली, ओव्हर द्यायची तयारी झालेली. रिलीव्हर येत नाही आणि इन्चार्ज सिस्टरांचा फोन येतो, ‘आज नाइटपण करशील ना गं? कोणीच नाहीये.’ घरी बदलापूरला मूल वाट पाहत असते. ‘नाही’ म्हणायची सोय नसते आणि इन्चार्जचाही नाइलाज असतो. औषध संपले ते खरेदीतल्या दिरंगाईमुळे, डॉक्टर अडकलेले असतात ऑपरेशनमध्ये. नातेवाइकांचा संताप मात्र समोर दिसणाऱ्या सिस्टरवर निघतो, कधी हातही उगारला जातो. अशा हल्ल्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद असलेला कायदा महाराष्ट्राने २०१० मध्ये केला. तरी रात्री वॉर्डाच्या दाराशी रक्षक नसेल, तर तिला त्या कायद्याचा आधार कसा वाटावा?

खासगी रुग्णालयांत यात बाँडची भर पडत आली. नोकरी सोडायची तर पैसे भरा, नाहीतर मूळ प्रमाणपत्रे मिळणार नाहीत, अशी ती अडवणूक. २०११ मध्ये उपनगरातल्या एका रुग्णालयात अशाच कोंडीत एका तरुण परिचारिकेने जीव दिला, तेव्हा तिच्या सहकारी काम थांबवून बाहेर आल्या. ती वेळ यायलाच नको होती.

ताण वाढला, की ध्यानाचे शिबिर भरवले जाते, सकारात्मक राहायला सांगितले जाते. मन खंबीर असणे मोलाचे आहे. आपल्या करण्याने काही बदलते, असे मानणारा माणूस संकटात तगून राहतो. पण हा विश्वास उपदेशाने येत नाही. आपले म्हणणे ऐकले गेल्याच्या अनुभवाने येतो.

परिचारिकेच्या निर्णयाची किंमत मुंबईला ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या २० गरोदर महिलांना एका छोट्या पॅन्ट्रीत हलवले. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने त्यांनी प्रसूतिगृहापर्यंत नेले. कोणाच्या हुकमाची वाट पाहायला वेळ नव्हता. इतका विवेक असलेल्या व्यक्तीला एरवी आपली सुट्टी ठरवण्यातही मत नसावे?

अमेरिकेत १९८३ मध्ये परिचारिका टिकून राहतात अशा ४१ रुग्णालयांचा अभ्यास झाला. तिथे परिचारिकांना निर्णयांत वाटा होता, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडेही सुरुवात करता येईल. ड्युटी लिस्ट महिनाभर आधी लागावी आणि आपसात ड्युटी बदलण्याची मुभा असावी. डबल ड्युटी नाकारली म्हणून मेमो मिळू नये. रुग्ण ठरावीक संख्येपलीकडे गेले, की जादा स्टाफ मागण्याचा लेखी अधिकार इन्चार्जला असावा आणि त्या मागणीला त्याच पाळीत उत्तर मिळावे. खरेदी आणि सुरक्षेच्या बैठकीत वॉर्डातली सिस्टर बसावी. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

रिक्त पदे भरायला पैसा लागेल आणि तो महापालिकेने व सरकारने द्यायलाच हवा. बाकीच्या गोष्टींना मात्र अधिकार वाटून घेण्याची तयारी पुरेशी आहे. रुग्णाची तब्येत ढासळते आहे, हे सर्वांत आधी सिस्टरच्या लक्षात येते. तिचे ऐकायची सवय ज्या रुग्णालयाला लागेल, तिथे तिचा ताण हलका होईल आणि आपल्या माणसाचा जीवही अधिक सुरक्षित राहील.