तसबिरीखालचे हक्कसोडपत्र

मंद्रूपला एका धम्मबांधवाच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गेलो होतो. वंदना झाली, श्रद्धांजलीची भाषणे झाली, भोजनदान झाले. पंगत उठल्यावर थोरल्या मुलाने आम्हाला बाजूला घेतले. "वकीलसाहेब, बहिणी आल्याच आहेत, तेवढे हक्कसोडीचे कागद करून टाकू." प्रश्न अडीच एकर ज्वारीच्या रानाचा होता. तिघी बहिणी उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. एकही बोलली नाही. वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती.

ज्या हक्कावर पाणी सोडायला या लेकींना सांगितले जात होते, त्याच हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडले होते, हे आपण किती सहज विसरतो!

राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेब कायदेमंत्री असताना प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीचा केला आणि सनातन्यांचे पित्त खवळले. करपात्री महाराजांनी रान उठवले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी विरोध केला, काँग्रेसमधलेच खासदार उलटले. सप्टेंबर १९५१ मध्ये जेमतेम चार कलमे संमत झाली आणि हिंदू कोड बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यामागे इतरही कारणे होती, पण बिलाचा हा घात त्यांच्या जिव्हारी लागला होता.

पुढे १९५६ चा वारसा कायदा आला, तोही अपुरा. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला बरोबरीचा वाटा मिळाला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींना दिला, मात्र आधीच लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. बाप ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे राजीनाम्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे गेली!

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, "तो हिंदूंचा कायदा, आपण बौद्ध." हे अज्ञान आहे. कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. नाव काहीही असो, तो आपल्या लेकींना लागू आहे.

दुसरे म्हणणे असे की, लग्नात खर्च केला, आता वाटा कसला? लग्नाचा खर्च म्हणजे वारसाहक्काची किंमत नव्हे. बहीण सही करते ती राजीखुशीने नव्हे. माहेर तुटेल, भाऊबीजेला दार बंद होईल, या भीतीने. मनुस्मृती महाडला १९२७ साली जाळली, पण तिची राख आमच्या घरात अजून उडते आहे. आणि हे आम्ही दुसऱ्यांनाच सुनावत नाही. वकिलीच्या सुरुवातीला असे कागद आम्हीही केले आहेत. फी घेतली, बहिणीला काही विचारले नाही. ती चूक आम्ही कबूल करतो.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. बाप गेल्यावर वारसनोंदीच्या अर्जात आईचे आणि तुमचे नाव आहे की नाही, ते पाहा. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. तलाठ्यापुढे नुसता जबाब दिल्याने जमिनीतला हक्क सुटत नाही, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. म्हणूनच निबंधक कचेरीत अंगठा टेकण्यापूर्वी कागद वाचून घ्या.

मंद्रूपच्या त्या घरी आम्ही हक्कसोडपत्र केले नाही. वारसांच्या यादीत आई, दोघे भाऊ आणि तिघी बहिणी अशी सहा नावे लिहून दिली. थोरला तेव्हापासून आमच्याशी जयभीम करत नाही. धाकटी बहीण मात्र निघताना हळूच म्हणाली, "दादा, माझं नाव कागदावर पहिल्यांदाच आलं."

जयंतीच्या मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्या प्रत्येक भावाने आधी घरचा सातबारा काढून पाहावा. त्यावर बहिणीचे नाव नसेल, तर बाबासाहेबांचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार काय?