पुराव्याची पारख

धामापूरच्या तलावाच्या एका काठीं उभें राहून पलीकडे पाहिलें, तर तोच तांबडा जांभा आणि तीच दाट झाडी दिसते. हे दोन काठ पूर्वीं जोडलेले होते काय, असें कोणीं विचारल्यास आम्ही निःशंकपणें 'होय' म्हणूं. १५३० सालीं येथें बांध घातला गेला, दरींत पाणी सांठलें व मधली जमीन बुडाली. काठ मात्र जागचे हालले नाहींत.

ही घरची गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, पृथ्वीवरील खंडें एके काळीं एकत्र असून पुढें दूर सरकलीं, हा खंडवहनाचा सिद्धान्त मुलांस शिकवितांना बहुधा चार पुरावे पाठ करून घेतले जातात. ते परीक्षेंत ओळीनें लिहिले म्हणजे गुण मिळतात. परंतु नुसता पाठ केलेला पुरावा हा पुरावा नव्हे. ती दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेली भिस्त होय.

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें १९१२ सालीं हा सिद्धान्त मांडला. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हें त्यानें दाखविलें. ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथील खडकांत आढळतात. विदर्भांतील कोळशाच्या प्रदेशांतही ते आहेत. पण विरुद्ध पक्ष म्हणे, खंडें सरकलीं कशावरून? मधली जमीन समुद्रांत बुडाली असेल. म्हणजे आमच्या तलावाचाच न्याय! पानांचे ठसे दोन्ही पक्षांची साक्ष सारखीच देतात. त्यांवरून निवाडा होत नाहीं. शिवाय खंडें हालविण्याइतकी शक्ति कोणती, याचें समाधानकारक उत्तर वेगेनरपाशीं नव्हतें. तेव्हां त्याचे विरोधक मूर्ख होते, असें मुलांस सांगणें अन्यायाचें होईल.

निवाडा करणारा पुरावा निराळा असतो. चंद्रपूरजवळ इरई येथें चुनखडीच्या खडकावर प्राचीन हिमनदीनें ओढलेले ओरखडे आहेत. त्याच युगांतील हिमाच्या खुणा दक्षिणेकडील इतर खंडांतही आहेत. नुसती जमीन बुडाली म्हटल्यानें उष्ण विदर्भांत हिमनदी कशी आली, हें उलगडत नाहीं. हीं खंडें दक्षिण ध्रुवाच्या बाजूस एकत्र होतीं म्हटल्यास उलगडतें.

दुसरी खूण तळाची. आमचा तलाव आटला, तर तळाशीं जुनी दरीच सांपडेल. महासागराच्या तळाशीं मात्र खंडांसारखा जुना खडक नसून बहुतेक सर्वत्र त्याहून पुष्कळ तरुण असा बेसाल्ट आहे. मालवणास लागणाऱ्या अरबी समुद्राच्या दक्षिणेस कार्ल्सबर्ग नांवाची पाण्याखालील डोंगररांग आहे. तिच्या चुंबकीय मोजणीच्या आधारें व्हाइन व मॅथ्यूज यांनीं १९६३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, अशा रांगेपाशीं नवा तळ निर्माण होऊन दोन्ही बाजूंस सरकत असतो. पुढील शोधांनीं तें खरें ठरविलें.

मुलांस पारखावयास एक साक्षीदार आपल्या जिल्ह्यांतच आहे. आंबोलीहून २००३ सालीं देवगांडुळाची, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचराची, एक नवी जात नोंदली गेली. तिचे आप्त सेशेल्स बेटांवर आहेत, आणि खारें पाणी उभयचरांस सहसा मानवत नाहीं. ही साक्ष निर्णायक, कीं पानाप्रमाणें दोहोंकडे वळणारी, हें मुलांनींच ठरवावें.

कोणी म्हणतील, बारा-तेरा वर्षांच्या मुलांस हें झेपेल काय? रात्रीं बागेंत कोणाचें गुरूं शिरलें, हें पावलांवरून ताडणारीं मुलें आमच्या गांवीं आहेत. त्यांच्या अंगची ही बुद्धि वर्गाच्या दाराबाहेर कां ठेवावी? प्रत्येक पुराव्यास त्यांनीं तीन प्रश्न विचारावे: हें कोणीं व कोठें पाहिलें? दुसऱ्या कोणत्या कारणानें तें घडूं शकेल? आणि त्या कारणांतून खरें कोणतें, हें सांगणारी खूण कोठें सांपडेल? याकरितां धडा चार दिवस मागें पडला तरी चालेल. ज्यास पुरावा तोलतां येतो, तो उद्यां बाजारांत, कचेरींत व निवडणुकींतही सहसा फसावयाचा नाहीं.