डिझेल केलेल्या जीपलाही मान द्या

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आलेला एखादा शौकीन परत जाताना माझ्या गॅरेजवर थांबतो. “मिस्त्री, कुणाची जुनी जीप आहे का? पण ओरिजिनल पाहिजे.”

ओरिजिनल पारखायची तर रंगाला भुलू नका. आधी आरसी बुक मागा आणि त्यातला नंबर चेसीवरच्या पंचिंगशी ताडून बघा. आकड्यांभोवती ग्राइंडर फिरलेला दिसला, तर सौदा तिथंच सोडा. मग मडगार्डवरून चुंबक फिरवा. जिथं ते धरत नाही, तिथं पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. नंतर पाने काढा. महिंद्राची सीजे-थ्रीबी विलीजच्या नमुन्यावर बनलेली, म्हणून तिचे नट-बोल्ट इंची मापाचे. अर्धा इंची पाना चढेना आणि 13 नंबरचा चपखल बसला, की तो बोल्ट मागाहून आलेला समजा.

खरी गोम बोनेटखाली असते. या जीपचं मूळ इंजिन 2.2 लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटही उंच करावं लागलं. आमच्याकडं मात्र बोनेट उचललं की बऱ्याचदा डिझेल इंजिन दिसतं आणि शौकिनाचं तोंड उतरतं.

अहो, पेट्रोल परवडेना म्हणून शेतकऱ्यानं डिझेल बसवलं. तेव्हा बसवलं नसतं, तर ती जीप कधीच भंगारात गेली असती.

केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे आमच्या डिझेलच्या जीप बाहेरच.

याचा परिणाम काय होतो? माझ्याकडं कामाला आलेल्या एका जीपमध्ये पेट्रोल इंजिन होतं, रंग चकचकीत होता, आणि आरसी बुकात इंधन लिहिलेलं होतं डिझेल. इंजिन नंबरही जुळेना. भंगारातलं इंजिन घालून ती ‘कंपनी फिटेड’ म्हणून विकली होती. खरा इतिहास पुसला आणि खोटा चढवला.

बदललेल्या गाडीला मूळ म्हणा, असं मी म्हणत नाही. ती मूळ नाहीच. पण आरटीओच्या परवानगीनं केलेल्या आणि आरसी बुकावर चढलेल्या जुन्या बदलासाठी नियमात वेगळा वर्ग करा. काय बदललं, कोणत्या साली बदललं, हे नोंदणीतच लिहा. मग लपवायचं कारणच उरणार नाही.

आणि मालकांनो, जुनी आरसी बुकं, इंजिनाची बिलं रद्दीत घालू नका. नियम बदलला, तर तुमच्या गाडीच्या बाजूनं बोलायला तेवढीच कागदं असतील.