कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या? पीसी जोडण्याआधी अर्थिंग तपासा

लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड पिशवीत घालून आणायचे आणि रविवारी घरीच डेस्कटॉप जोडायचा, हा गिरगाव-परळच्या पोरांचा जुना उद्योग. (रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण दुकानाचा पत्ता विचारताना ते कुणी घेत नाही.) जोडताना सगळ्यांना धास्ती असते स्थिर विजेची. ती खोटी नाही. अंगातून उडालेली ठिणगी आपल्याला जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात, चिप त्याहून कितीतरी कमी दाबाला खराब होऊ शकते. पण मुंबईच्या दमट हवेत हा भार फारसा साठत नाही. एसी बंद ठेवा, सुटे भाग हाताळण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा; घरगुती कामाला एवढे बहुतेक वेळा पुरते.

मोठा धोका भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. जुन्या चाळींत अनेक ठिकाणी सॉकेट तीन पिनांचे दिसते, पण वरच्या जाड पिनेमागे वायरच नसते. पीसी सुरू झाला की कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात आणि घरातले म्हणतात, ‘कॉम्प्युटर करंट मारतो’.

कॉम्प्युटर बहुधा ठीकच असतो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. तिथून झिरपणारा प्रवाह अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जायला हवा. वायर नसेल तर पत्रा 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यावर राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एसएमपीएसमध्ये बिघाड होऊन फेज थेट पत्र्याला टेकली, तर जमिनीकडे जायला वाट उरते ती तुमच्या शरीरातूनच. एवढ्या प्रवाहाला साधा एमसीबी पडत नाही.

यावरचा एक जुगाड सर्वांत घातक. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन एका तुकड्याने जोडून देतात. मुंग्या थांबतात, ग्राहक खूश. मात्र मागे कुठे न्यूट्रल तुटला, की अख्ख्या कॅबिनेटवर 230 व्होल्ट येतात. कुणी असे सुचवले, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

‘काम करताना प्लग लावूनच ठेवा, बटण बंद करा, म्हणजे अर्थ मिळतो,’ असा सल्ला व्हिडिओंत ऐकू येतो. अर्थिंगची खात्री असेल तर त्याला अर्थ आहे. आपल्याकडे मात्र सॉकेटचे बटण एकच वायर तोडते. ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर बंद असतानाही आत फेज जिवंत असते. म्हणून प्लग काढाच. मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, उरलेला भार निघून जातो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब प्लग काढल्यावरही राहू शकतो. आणि जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. टोक बसते, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग हार्ड डिस्क पहिल्याच बटणाला जाते.

अर्थिंग करायचे कोणी, यावर भाडेकरू आणि घरमालक एकमेकांकडे बोट दाखवतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ग्राहकाच्या जागेत पुरवठा सुरू होतो तिथे अर्थिंगचे टर्मिनल देणे ही वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी आहे. शहर भागात बहुतेक ठिकाणी तो पुरवठादार म्हणजे बेस्ट. तिथून खोलीतल्या सॉकेटपर्यंत हिरवी वायर ओढणे हे आपले काम. ग्राफिक्स कार्डाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. परवानाधारक वायरमन आला की त्याच्याकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या. पुढे कधी अर्थिंग ढिले पडले, तरी अंगातून जमिनीकडे गळती सुरू होताच तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो.