परवाना कौशल्याचा की मुक्कामाचा?

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात हल्ली प्रकृतीच्या आधी मुलांची चौकशी होते. उत्तरादाखल ऐकू येणारी गावे बहुधा सातासमुद्रापलीकडची असतात. लष्करातल्या जुन्या वाड्यांत वाढलेली, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली आपली मुले आज परदेशी रुग्णालयांत रात्रपाळ्या करीत आहेत. त्यांच्या यशाविषयी आपण भरभरून बोलतो. मी मात्र आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर लिहिणार आहे, तो म्हणजे वाहन चालविण्याचा परवाना.

माझी कन्या अमेरिकेत जे-१ व्हिसावर निवासी डॉक्टर आहे. या व्हिसाचे कागद निवासी डॉक्टरांना एका वेळी एकाच वर्षापुरते मिळतात आणि पुष्कळ राज्यांत वाहनपरवान्याची मुदतही त्याच तारखेला संपते. गेल्या उन्हाळ्यात नवे कागद हाती आले, परंतु त्यांची पडताळणी रेंगाळली आणि परवाना तेवढ्यात बाद झाला. ज्या गावी बससुद्धा नाही, तिथे तीन आठवडे ती सहकाऱ्यांच्या मिनतवाऱ्या करून कामावर जात होती. दूरध्वनीवर म्हणाली, "बाबा, अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालण्याची मला परवानगी आहे, पण गाडी चालवायची नाही. हात तर तेच आहेत ना?"

या नियमाला कारण नाही असे नव्हे. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत २००५ साली 'रिअल आयडी' कायदा झाला. तिथे वाहनपरवाना हेच ओळखपत्र म्हणून सर्वत्र चालते. म्हणून त्याची सांगड वास्तव्याच्या मुदतीशी घातली गेली. देशांतर्गत विमानप्रवासासाठी या कायद्याची अंमलबजावणी ७ मे २०२५ पासून सुरू झाली. ओळख पटवून घेण्याचा राष्ट्राचा अधिकार मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की, ओळख आणि कौशल्य या दोन गोष्टी एकाच कागदावर का बांधाव्यात? कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून वैध वास्तव्याचा पुरावा नसलेल्यांनाही परीक्षा घेऊन वेगळ्या स्वरूपाचा परवाना देण्यास सुरुवात केली. तो विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालत नाही, रस्त्यावर मात्र चालतो. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. चालक रस्त्यावर येणारच असेल, तर तो परीक्षा दिलेला असावा, यातच पादचाऱ्याचे हित आहे.

आपण डॉक्टर मंडळी परीक्षेला कधी नाही म्हणत नाही. आपली पदवी घेऊन तिकडे गेलेल्याला तिथली परीक्षा द्यावी लागते; परदेशात शिकून इकडे आलेल्यालाही २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालविता येते, पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते. यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा कौशल्य तेच असते आणि केवळ एक तारीख उलटते.

इथवर लिहून थांबलो असतो, तर लेख एकांगी झाला असता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत माझा पुतण्या आला होता. तो अमेरिकी नागरिक असून त्याच्याकडे ओ.सी.आय. कार्ड आहे. त्याने किल्ली मागितली, मी कौतुकाने दिली. फूलबागेजवळ वळताना तो सवयीने उजव्या बाजूला गेला आणि एक स्कूटरस्वार पडला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. आंतरराष्ट्रीय परवाना आहे का, असे विचारले गेले, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. ओ.सी.आय. कार्ड म्हणजे वाहनपरवाना नव्हे, आणि परदेशी परवान्याला १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारच्या परवान्याची जोड लागते, तीही मायदेशातून घेतलेली. उपचाराचा व दुरुस्तीचा खर्च मी दिला. तो माणूस गंभीर जखमी झाला असता तर? अशा प्रकरणी न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. पण पैशाचे सोडा. तो माणूस रात्री आपल्याच अपघात विभागात आला असता.

परक्या देशाच्या नियमावर रागावणारा मी, आपल्या गावचा साधा नियम घरच्या माणसासाठी वाकवून बसलो होतो.

म्हणून ज्येष्ठांना विनंती की, मुलांकडे जाताना आपल्या आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जावा. जानेवारी २०२१ पासून त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची वा व्हिसाची अट राहिलेली नाही. मुले येणार असतील, तर त्यांना तिकडून तो आणावयास सांगावे. न आणल्यास किल्ली खुंटीलाच राहू द्यावी. लेकरू रुसेल, पण रुसवा औषधाशिवाय बरा होतो.