परराज्य किती लांब?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गडहिंग्लजहून पुणे सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि धारवाड १५०च्या आसपास. पुण्याला शिकायला जाते असे मी म्हटले असते, तर घरी आधी खर्चाची गोष्ट निघाली असती. धारवाडला जाते म्हटल्यावर मात्र खर्च राहिला बाजूला आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, "परराज्यात?"

वास्तविक संकेश्वर हेही परराज्यातच आहे. एस.टी.ने अर्धा तास लागतो. आजीचे माहेर तिकडचे. मिरचीच्या हंगामात आमचे अप्पा तिथल्या बाजारात हमालीला जातात. बाजाराला जाताना जे परराज्य कुणाला आठवत नाही, ते मुलगी शिकायला निघाली की एकाएकी कसे आठवते? गेले सहा महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. माझ्यासारखी आणखी मुले-मुली या महाविद्यालयात आहेत, म्हणून तो येथे मांडते.

आणखी एका वर्षाने मी बी.ए. होईन. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी मी पहिलीच. अप्पांची शाळा चौथीत सुटली, आईची त्याही आधी. इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करावे असे मनात आहे. सरांनी एकदा सहज विचारले, "कोल्हापूर तर आहेच, पण धारवाडचा विचार केलास का? शांत गाव आहे, अभ्यासाला चांगले." त्या दिवसापासून हे 'शांत गाव' माझ्या मागे लागले.

आमचे घर दोन खोल्यांचे. शेजारी पिठाची गिरणी, ती रात्री नऊपर्यंत चालते. पहाटे गोठ्यात दिव्याखाली बसून मी वाचते, कारण त्या वेळी फक्त म्हशी जाग्या असतात. तेव्हा शांतता म्हणजे काय असते हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण गंमत अशी की, याच शब्दाचा अर्थ नातेवाईकांनी निराळा केला. मामा म्हणाले, "शांत गाव हाय म्हंजे बरंच हाय की. पोरीच्या जातीला नसत्या भानगडी नकोत." म्हणजे मला जी शांतता वाचायला हवी, तीच त्यांना माझ्यावर नजर ठेवायला हवी! मुलगा असते तर गाव शांत आहे की गजबजलेले, याची चौकशी कुणी केली असती का?

कोल्हापूर का नको, असे मैत्रिणी विचारतात. कोल्हापूर वाईट मुळीच नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले म्हणून आमच्या भागातली कितीतरी मुले शिकली. पण तिथे मी आत्याकडे राहणार, आणि दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मुलीचा अभ्यास चुलीपुढची कामे उरकल्यावर सुरू होतो. दुसरे असे की, तिथे मी पुस्तकात इंग्रजी वाचेन आणि दिवसभर मराठी बोलेन. आज दोन वर्षे तेच चालले आहे. परीक्षेत मला इंग्रजी येते, तोंडाने येत नाही. जिथे माझ्या मराठीवर भागणार नाही, तिथे मला बोलावेच लागेल. धारवाडचा मोह आहे तो एवढ्यासाठी.

आणि हा रस्ता काही मी पहिल्यांदा शोधलेला नाही. मराठीतले थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी वर्षानुवर्षे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते, आणि तिथे राहून मराठीत लिहीत होते. उलट धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. पुढे १९७३चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. कोल्हापूर संस्थान १९४९मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हापासून १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत धारवाड, बेळगाव आणि गडहिंग्लज ही एकाच राज्यातली गावे होती. माझ्या आजोबांच्या तरुणपणी धारवाड परके नव्हते. गाव आहे तिथेच आहे, मधून रेघ गेली.

पण रेघ नाहीच असेही मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद पेटला, तेव्हा दोन्ही राज्यांमधल्या बसगाड्या बंद पडल्या होत्या. अप्पांना त्या दिवसांत कामावर जाता आले नाही. आपल्या एस.टी.त बायकांना २०२३पासून अर्धे तिकीट आहे, पण ते आपल्या हद्दीपर्यंतच. त्याच वर्षी कर्नाटकाने सरकारी बसगाड्यांतून बायकांना फुकट प्रवास दिला, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. म्हणजे मी दोन्हीकडून पाहुणी! अशी रेघ पैशांत मोजता येते, आणि जी मोजता येते तिची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती ऐकीव गोष्टींची. "तिकडं मराठी बोललं की मारत्यात", "तिकडची पदवी हिकडं चालत न्हाय" अशी वाक्ये मी ढिगाने ऐकली. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तिथे शिकून आलेला नव्हता.

शेवटी दिवाळीनंतरच्या एका सोमवारी अप्पांनी खाडा केला आणि आम्ही दोघे धारवाडला गेलो. तिथे जे घडले, ते मी विसरणार नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी अप्पा कन्नडमध्ये बोलले. कार्यालयात वसतिगृहाची, फीची, बाहेरच्या राज्यातल्या मुलांच्या जागांची चौकशी त्यांनीच केली. लिपिकाने खुर्ची दिली. चहावालीशी तर त्यांनी मिरचीच्या भावावर गप्पा मारल्या. मी वही-पेन घेऊन नुसती उभी! बारा आणि दोन अशी चौदा वर्षे शिकलेली मी मुकी, आणि स्वतःला अडाणी म्हणवणारे अप्पा माझे दुभाषी. परतीच्या गाडीत मी म्हटले, "अप्पा, तुम्ही हे कुठे शिकलात?" ते म्हणाले, "शिकतोय कुठलं? पोती उचलता उचलता आलं."

त्या दिवशी माझे मत पक्के झाले. आमच्यासारख्यांच्या घरी वाट दाखवणारे कुणी नसते. शिकलेल्या घरातल्या मुलांना काका-मामांचा अनुभव मिळतो, आम्हाला फक्त अफवा मिळतात. म्हणून आम्ही घरी बसून ठरवू नये. जावे, पाहावे, विचारावे. वसतिगृह मिळेल का? बाहेरच्यांना फी किती? शिष्यवृत्ती सीमा ओलांडून येईल का? विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र किती दिवसांत हाती पडते? या प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत आणि मग हो किंवा नाही म्हणावे. आपल्या ग्रंथालयात एक वही ठेवली आणि येथून बाहेर शिकायला गेलेल्यांनी तीत आपापला खरा अनुभव, खर्चासकट, लिहिला, तर पुढच्या मुलीच्या बापाचा एक खाडा वाचेल.

माझे म्हणाल, तर पुढच्या वर्षी मी धारवाडचा अर्ज भरणार आहे. वसतिगृह मिळाले तर जाईन. नाही मिळाले तर कोल्हापूर; बाहेर खोली घेऊन राहण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मामा अजून नाराज आहेत. आई काही बोलत नाही, पण परवा तिने शेजारणीला सांगताना "परराज्यात" न म्हणता "धारवाडला" म्हटले.

सध्या रात्री गिरणी बंद झाली की अप्पा मला कन्नड शिकवतात. लिपी त्यांना येत नाही, ती मी पुस्तकातून गिरवते. बोलणे त्यांच्याकडून घेते. पहिल्या दिवशी 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'ऊट' म्हणजे जेवण हे दोन शब्द झाले. अप्पा म्हणाले, "एवढ्यावर उपाशी ऱ्हाणार न्हाईस. बाकीचं हळूहळू येईल."