‘मला माहीत नाही, सर’

हवाई दलात अधिकारी व्हायचे म्हणजे इंग्रजी फर्डे हवे, टायची गाठ नीट बसली पाहिजे आणि सांगितल्याखेरीज खुर्चीवर टेकायचे नाही, एवढा शिष्टाचार आपल्या महाविद्यालयात सर्वांना पाठ आहे. गेल्या वर्षी निवड मंडळासमोर जाऊन येईपर्यंत माझीही समजूत याहून वेगळी नव्हती.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ‘कलाशाखेच्या मुलांना तिथे कोण विचारतो?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान असेल, तर बी. ए. झालेल्यालाही वैमानिक होण्यासाठी अर्ज करता येतो. माझे ते विषय नव्हते. म्हणून मी प्रशासन शाखेसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो आणि मुलाखतीच्या तयारीसाठी शेजारच्या शहरात एक शिकवणी लावली.

तिथे आम्हाला दारावर टकटक कशी करावी इथपासून सारे शिकवले. छंद कोणता सांगावा, आवडते पुस्तक कोणते, एवढेच नव्हे तर आपले दोष कोणते, याचीही उत्तरे तयार होती. वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे म्हटल्यावर शिक्षक म्हणाले, “वाहनांचा व्यवसाय म्हण.” मी म्हटले!

डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळे आहेत. तिथला मुक्काम काही दिवसांचा असतो. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या घेतात. त्यात साठ शब्द एकेक करून दाखवतात आणि प्रत्येकावर पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. दुसरा अधिकारी मैदानावर गटाची कामे देतो. तिसरा मुलाखत घेतो. हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र बसतात. आता सांगा, पाठ केलेले सोंग तिघांपुढे किती वेळ टिकणार?

माझे टिकले नाही. मुलाखत घेणारे अधिकारी अत्यंत सौम्य होते. आवडत्या पुस्तकाचे नाव मी घडाघडा सांगितले. त्यांनी त्यातला एक प्रसंग विचारला, तेव्हा मी तो तिथल्या तिथे रचला. ते नुसते हसले. मग म्हणाले, “वाहनांचा व्यवसाय म्हणजे नेमके काय?” माझे कान तापले. शेवटी खरे सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, “बारीक पंक्चर कसे शोधतात?” ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कसे पाहायचे, हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटलो. साऱ्या मुलाखतीत तेवढीच पाच मिनिटे मी खरा बोललो.

माझी निवड झाली नाही. मंडळ कारण सांगत नाही. पण माझे मला कळले.

परतीच्या गाडीत विचार करताना वाटले, की या मुलाखतीचा खरा शिष्टाचार विमान चालवण्याच्या शिस्तीतूनच आला असावा. नियंत्रण कक्षाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिक उलट म्हणून दाखवतो. नीट ऐकू आली नाही, तर ‘पुन्हा सांगा’ म्हणतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. न समजता मान डोलावणारा सभ्य माणूस तिथे स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव घालवील. जमिनीवरच्या अधिकाऱ्याचेही तेच. न मोजलेला साठा ‘मोजला’ म्हणणारा कितीही अदबीने बोलला, तरी कामाचा नाही.

म्हणून माझे मत असे: वेळेवर जावे, कपडे स्वच्छ असावेत, प्रश्न पुरता ऐकावा, गटात दुसऱ्याचे बोलणे तोडू नये. हे सारे हवेच. पण ‘मला माहीत नाही, सर’ हे वाक्य खाली मान न घालता म्हणता येणे, हा यातला सर्वांत मोठा शिष्टाचार होय.

आणि तो आपल्याला शिकवतो कोण? ‘प्रश्न सोडू नका, काहीतरी लिहाच,’ हा उपदेश घेऊन आपण परीक्षेला बसतो. वर्गात ‘समजले का?’ म्हटले, की न समजलेल्यांचाच होकार मोठा! प्राध्यापकांची क्षमा मागून सुचवावेसे वाटते, की चुकीचे उत्तर ठोकून देणाऱ्यापेक्षा ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला वर्गात थोडा अधिक मान मिळावा. सगळे काही हवाई दलात जाणार नाहीत. पण उद्या कोणी शिक्षक होईल, कोणी तलाठी, कोणी पत्रकार. न कळलेले कळले म्हणणारा माणूस त्या खुर्च्यांवरही धोक्याचाच.

मी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी शिकवणी लावणार नाही. वडिलांच्या धंद्यापुढे ‘सायकलदुरुस्ती’ असेच लिहीन.